दारांतील मोटार आणि अडगळींतील सायकल

पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून सर्व देशांत ओळखलें जात असे. ही गोष्ट आतां नातवंडांना सांगूं लागलें, तर तीं ती एखाद्या कथेप्रमाणें ऐकून घेतात. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्याची पाळी सुटली कीं सायकलींचा जो लोंढा रस्त्यावर येई, त्यांतून पायीं पलीकडे जाणाऱ्यास बराच वेळ ताटकळावें लागे. पेठापेठांतून सायकली भाड्यानें देणारीं दुकानें असत. तासाच्या हिशेबानें तेथली सायकल घेऊन आमच्या पिढीनें गुडघे फोडून घेत तोल सांभाळण्याची विद्या संपादन केली. सायकलीवर कर असे व तो भरल्याची खूण म्हणून पत्र्याचा बिल्ला तिला लावावा लागे. रात्रीं दिवा नसल्यास पोलीस अडवी, आणि पुढच्या नळीवर मित्र बसलेला असल्यास तर खात्रीनें अडवी. प्राध्यापक, वकील, पोष्टमन, गवंडी व दूधवाला हे सारे एकाच जातीच्या वाहनावर बसून जात, आणि त्यांत कोणाची प्रतिष्ठा उणी होत नसे.

१९७२ सालीं बजाजची चेतक व कायनेटिकची लूना या दोन्ही बाजारांत आल्या. १९८३ च्या डिसेंबरांत मारुतीची छोटी मोटार आली. ज्याला जें परवडलें, तें त्यानें घेतलें. त्यांत दोष देण्यासारखें कांहीं नाहीं. उन्हांतान्हांत वर्षानुवर्षें पायडल मारलेल्या माणसानें थोडें सुख पाहिलें तर त्याला नांवें कोणीं ठेवावीं? परंतु शहर पसरत गेलें, अंतरें वाढलीं, आणि २०१८ सालीं पुण्यांत नोंदलेलीं वाहनें ३६ लाखांवर जाऊन माणसांहून वाहनेंच अधिक झाल्याचें वर्तमानपत्रांतून आपण सर्वांनीं वाचलें. सायकल माळ्यावर गेली, किंवा जिन्याखालच्या अडगळींत.

गतकाळाच्या आठवणीनें गहिंवरण्यासाठीं हा लेख लिहिलेला नाहीं. प्रश्न आजचा आहे आणि घरगुती आहे. दारांत मोटार आहे, ती घेण्यास कांहीं कारण होतें व तें कारण अद्यापि संपलेलें नाहीं. अशा घरानें तिचा वापर कमी करावा तो कसा? मोटार विकून टाकण्याचा उपदेश करणारे पुष्कळ आहेत. असा उपदेश ऐकून नववर्षाच्या मुहूर्तावर संकल्प करणारेही आहेत. त्यांचा संकल्प बहुधा संक्रांतीपर्यंत टिकतो. माझें म्हणणें याहून लहान आहे. मोटारीच्या सर्व फेऱ्या सारख्या नसतात. ज्या फेरींत मोटार सर्वांत निकामी ठरते, नेमक्या त्याच फेरींत सायकल सर्वांत समर्थ असते. आरंभ तेथून करावा.

आमच्या घरीं ही गोष्ट निघाली ती पर्यावरणाच्या कळवळ्यानें नव्हे. चिरंजीवांच्या रक्तांत एकेचाळिसाव्या वर्षीं साखर वाढलेली आढळली. अजून औषध लागेल इतकी नव्हे, पण डॉक्टरांनीं स्पष्ट बजावलें कीं, रोज अर्धा-पाऊण तास शरीर हलूं द्या, नाहीं तर पुढच्या वर्षीं गोळी सुरू करावी लागेल. या रोगाची आमच्या घराला ओळख आहे. आमच्या तीर्थरूपांचा डावा पाय याच रोगामुळें गुडघ्याखालीं कापावा लागला होता, आणि त्यानंतरचीं त्यांचीं सहा वर्षें घरांतल्या सर्वांनीं पाहिलेलीं आहेत. चिरंजीवांनीं तत्परतेनें व्यायामशाळेची वर्गणी भरली. वर्गणी गेली, माणूस मात्र गेला नाहीं. कारण उघड होतें. सकाळीं मुलांची घाई, रात्रीं येण्यास उशीर. दिवसांतला जो काळ सर्वस्वीं त्याचा असा होता, तो मोटारींत एका जागीं बसून चौकाचौकांत तांबडा दिवा पाहण्यांत जात होता. वेळ नव्हता असें नव्हे. तो मोटारीनें खाल्ला होता.

शाळेंत आयुष्य गेल्यामुळें हजेरीपटावर माझा विश्वास फार. मीं एक जुनी वही घेऊन दाराशीं टांगली आणि मोटार बाहेर निघाली कीं कोठें, किती लांब व किती माणसें, एवढें तींत लिहिण्याचा नियम घातला. कोणाला कांहीं टोंचून बोलावयाचें नाहीं, केवळ लिहावयाचें. महिनाअखेर वही उघडली तेव्हां निम्म्याहून अधिक फेऱ्या तीन किलोमीटरांच्या आंतल्या निघाल्या. दळण, औषधें, इस्तरीचे कपडे, मुलाची शिकवणी, आणि एकदां केवळ कोथिंबीर! सातआठशें किलोंचें लोखंड हलवून एक माणूस कोथिंबिरीची जुडी घेऊन आला होता. सूनबाई ती नोंद वाचून स्वतःच हंसूं लागली.

आतां या लहान फेऱ्या मोटारीला कां मानवत नाहींत, तें पाहूं. इंजिन थंड असतें तेव्हां तें अधिक पेट्रोल पितें. वंगणाचें तेल दाट असतें व तें सर्वत्र नीट पोहोंचत नाहीं. पेट्रोल जळतांना पाण्याची वाफ उत्पन्न होते. लांबच्या प्रवासांत ती तापलेल्या नळ्यांतून निघून जाते. दोन किलोमीटरांच्या फेरींत तिचें पुन्हां पाणी होऊन तें धुराच्या नळींत व तेलांत राहतें. धूर निर्विष करण्यासाठीं हल्लींच्या मोटारींत जें यंत्र बसविलेलें असतें, तें सुमारें अडीचशें-तीनशें अंशांपर्यंत तापल्यावांचून आपलें काम धड करीत नाहीं. म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन येईपर्यंत तें निजलेलेंच असतें. शिवाय मोटार उभी करण्यास जागा शोधावी लागते ती वेगळीच. याच अंतरांत सायकलीची एकही उणीव दिसून येत नाहीं. घाम येण्यापूर्वीं ठिकाण येतें, ती भिंतीला टेकून राहते, आणि दळणाचा डबा कॅरिअरवर उत्तम बसतो.

जुन्या पंडितांचा एक अरुंधतीदर्शनन्याय आहे. अरुंधतीचा तारा बारीक. तो एकदम दाखविला तर दिसत नाहीं. म्हणून आधीं जवळचा ठळक तारा दाखवावयाचा, मग त्याच्या शेजारचा, आणि असें करीत दृष्टि अरुंधतीवर न्यावयाची. कचेरीपर्यंतचा आठ किलोमीटरांचा रस्ता ही आमची अरुंधती होती. पहिले तीन महिने तिचें नांवही काढलें नाहीं. जिन्याखालची सायकल मिस्त्रीकडे नेली. टायर, ट्यूब व ब्रेकचे रबरी गुटके नवे घातले, साखळीला तेल दिलें. बैठकीची उंची मात्र मिस्त्रीवर सोंपवूं नये. पायडल अगदीं खालीं असतांना त्यावर टांच ठेवली तर पाय सरळ व्हावा, ही खूण लक्षांत ठेवावी. पुष्कळ लोक ठेंगण्या बैठकीवर बसून गुडघे दुखवून घेतात आणि मग वय झालें असें म्हणतात. टायरांत हवा आठवड्यांतून एकदां भरावी. हवा कमी असली कीं अर्धी मेहनत रस्ताच गिळतो. एवढ्यावर तीन किलोमीटरांच्या आंतलें सर्व काम सायकलीनें करावयाचें, असें ठरलें व तें फारसा गाजावाजा न होतां साधलें.

कचेरीची फेरी प्रथम केली ती रविवारीं, कचेरी बंद असतांना. नवीन मार्ग शांतपणें पाहून यावा, खड्डे व चढ ध्यानांत ठेवावे, यासाठीं याहून चांगला उपाय मला ठाऊक नाहीं. आमचें घर कोथरुडास व कचेरी स्टेशनच्या बाजूला. मोटारीचा रस्ता तोच सायकलीचा, असें मानण्याचें कारण नाहीं. चिरंजीव एरंडवण्यांतून, प्रभात रस्त्याच्या सावलीच्या गल्ल्यांतून डेक्कनकडे उतरतात, नदीपात्रांतील भिडे पुलावरून पेठेंत शिरतात आणि शनिवार, कसबा, सोमवार अशा पेठांतून पुढें जातात. खडकवासल्याचें पाणी सोडलें कीं हा पूल पाण्याखालीं जातो. कधीं कामासाठींही तो बंद असतो. तेव्हां वळसा पडतो. पण मोठ्या गाड्यांचा भरधांव रस्ता त्यामुळें जवळजवळ टळतो, आणि सायकलस्वाराच्या दृष्टीनें दहा मिनिटांच्या बचतीहून तें अधिक मोलाचें आहे.

बचत म्हटली तरी ती कितीशी? टॉमटॉम या कंपनीनें २०२४ सालीं जगांतील शहरांतली वाहतूक मोजली, तींत पुण्याच्या मध्यभागांत दहा किलोमीटर जाण्यास मोटारीला सरासरी तेहतीस मिनिटें लागतात असें निघालें. ताशीं पंधरा किलोमीटर या बेताच्या गतीनें सायकलीला चाळीस मिनिटें लागतील. सात मिनिटांचा फरक. आणि त्यांत जागा शोधण्याचा काळ धरलेला नाहीं.

प्रथम आठवड्यांतून एकच दिवस, बुधवार, ठरविला. दोन महिन्यांनीं दोन दिवस. पावसाळा संपल्यावर तीन. तेथें आम्हीं थांबलों व पुढें जाण्याची घाई केली नाहीं. सोमवारीं मोटार जाते, ती आठवड्याचे घडी केलेले सदरे आणि पंचा कचेरींत नेऊन ठेवते. म्हणजे सायकलीच्या सोयीसाठीं मोटारच राबते! घामाचा प्रश्न त्यानें सुटला. सकाळीं साडेआठाच्या आंत पोहोंचल्यास एप्रिल-मे महिन्यांतही तो फारसा त्रास देत नाहीं. परतीच्या वेळीं घरीं स्नान आहेच. पावसाचा बाऊ पुण्यांत तरी करूं नये. कोंकणाशीं तुलना करतां येथें वर्षाचा पाऊस सत्तर-पंचाहत्तर सेंटिमीटर, आणि त्यांतलाही पुष्कळसा रिमझिम. ज्या दिवशीं मुसळधार असेल त्या दिवशीं मोटार न्यावी. व्रतभंगाचें पाप लागत नाहीं, कारण हें व्रतच नव्हे.

खरी हरकत सूनबाईची होती, आणि ती हरकत रास्त होती. "बाबा, साखर मला समजते. पण एखादी बस घासून गेली तर त्या साखरेचें काय करायचें?" असें तिनें मला विचारलें. याला उत्तर नव्हतें. भिण्यासारखें होतें म्हणून ती भीत होती. सायकल चालविणाऱ्याच्या अंगाभोंवतीं लोखंड नसतें, आणि आमच्या रस्त्यांवर त्याची गणती कोणी करीत नाहीं. तेव्हां भीति खोटी ठरविण्याऐवजीं तिच्याच सांगण्यावरून नियम केले. शिरस्त्राणावांचून फाटकाबाहेर पडावयाचें नाहीं. दिवेलागण होण्यापूर्वींच पुढचा पांढरा व मागचा तांबडा दिवा लावावयाचा. कानांत गाणें नाहीं. उभ्या मोटारींपासून हातभर अंतर ठेवावयाचें, कारण दार केव्हां उघडेल याचा नेम नसतो. आणि बस किंवा ट्रक वळणावर असतां त्याच्या डाव्या अंगाला कधींही शिरावयाचें नाहीं, कारण तेथें हांकणाऱ्याची दृष्टि पोहोंचत नाहीं. पोहोंचल्यावर घरीं निरोप द्यावयाचा. पहिले कित्येक आठवडे तो निरोप येईपर्यंत तिनें चहा घेतला नाहीं, हें मीं पाहिलें आहे.

दुसरी हरकत ज्येष्ठ बंधूंची. ते म्हणाले, "अरे, लोक म्हणतील मुलाची नोकरी गेली कीं काय!" ही हरकत हंसण्यावारी नेण्यासारखी वाटते, पण आपल्या पांढरपेशा घरांतून सायकल हद्दपार केली ती रस्त्यानें जितकी, तितकीच या शंकेनें. २०११ च्या जनगणनेंत कामावर कोण कशानें जातो हें विचारलें होतें. शेती व घरगुती धंदे सोडून इतर कामें करणाऱ्यांपैकीं देशांत शंभरांत सुमारें तेरा जण सायकलीनें जात होते. मोटारीनें जाणारे तीनही नव्हते. म्हणजे सायकल गेलेली नव्हती. ती आपल्या घरांतून गेली होती, आणि पहारेकरी, रंगारी, सुतार हे तिच्यावर बसून रोज आपल्याच दारावरून जात होते. बसची धास्ती त्यांच्या घरींही कोणाला तरी वाटत असेलच. ती मात्र आपल्या कानीं आली नाहीं.

ही धास्ती दूर करणें एका घराच्या हातीं नाहीं; आणि याचें उत्तम उदाहरण हॉलंड देशाचें आहे. तेथील लोक जन्मतःच सायकलवेडे, अशी आपली समजूत असते. ती पुरती खरी नाहीं. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथेंही मोटारी वाढल्या व सायकल मागें पडत चालली. १९७१ सालीं त्या लहानशा देशांत रस्त्यावरच्या अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसें मेलीं, आणि त्यांत चारशेंहून अधिक मुलें होतीं. मग आईबाप रस्त्यावर उतरले. 'बालहत्या थांबवा' असें त्यांच्या चळवळीचें नांवच होतें. तशांत १९७३ ची तेलटंचाई आली, आणि ४ नोव्हेंबरपासून पुढच्या जानेवारीच्या आरंभापर्यंत रविवारीं खासगी मोटारी चालविण्यास सरकारनें बंदी केली. रिकाम्या हमरस्त्यांवर कुटुंबेंच्या कुटुंबें सायकली घेऊन निघालीं. त्यानंतर हेग व टिल्बर्ग येथें सायकलीचे वेगळे रस्ते बांधून पाहिले, डेल्फ्ट शहरांत सबंध जाळें विणलें, आणि असें करीत करीत २०१९ त उत्रेख्त स्टेशनाजवळ साडेबारा हजार सायकली ठेवण्याची जागा पुरी झाली. मधें पंचेचाळीस वर्षें गेलीं. एका दिवसांत तेथेंही कांहीं झालें नाहीं. पण मुलांच्या मरणाला त्यांनीं दैव म्हटलें नाहीं.

पुण्यानेंही २०१७ च्या अखेरीस सायकलीची सविस्तर योजना मंजूर केली आहे. त्याच्या आधीं दहा वर्षें कांहीं रस्त्यांच्या कडेला सायकलमार्ग बांधले गेले होते. त्यांवरून एकदां जाऊन पाहावें. कोठें विजेची पेटी, कोठें भाजीची गाडी, कोठें उभ्या केलेल्या मोटारी, आणि कोठें मार्ग एकाएकीं संपून पुढें गटाराचें झांकण! याच सुमारास भाड्यानें मिळणाऱ्या रंगीत सायकलीही शहरभर आल्या आणि दोनएक वर्षांत दिसेनाशा झाल्या. योजनेच्या कागदाला मी नांव ठेवीत नाहीं. पण जे ती अंमलांत आणणार, ते स्वतः सायकलीनें कचेरींत जात असते, तर तें झांकण तेथें राहिलें नसतें, एवढें खास.

प्रकृतीवर परिणाम काय झाला, हें वाचक विचारतील. ग्लासगोच्या संशोधकांनीं ब्रिटनमधील २,६३,४५० माणसांची सुमारें पांच वर्षें पाहणी करून २०१७ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, सायकलीनें कामावर जाणाऱ्यांत मृत्यूचें प्रमाण, मोटारीनें वा बसनें जाणाऱ्यांच्या मानानें, शंभरांत एकेचाळीस इतकें कमी आढळलें. आंकडा मोठा आहे. तरी कावळा बसावयास व फांदी तुटावयास गांठ पडली, असा काकतालीयन्याय येथें कितपत असेल, हें पाहावें लागतें. कारण मुळांत धडधाकट असणारेच सायकल घेत असावेत, असेंही म्हणतां येईल. संशोधकांनीं वय, धूम्रपान, आहार वगैरे गोष्टींची वजाबाकी केली होती, तरी ही शंका अशा पाहणींत पुरती फिटत नाहीं. आमच्या घरचेंही तसेंच. वर्षानें चिरंजीवांची साखर औषधावांचून मर्यादेंत आली. पण त्याच वर्षीं सूनबाईनें चहांतली साखर बंद केली होती व रात्रीचा भात निम्मा केला होता. श्रेय कोणास द्यावें यावर घरांत अजून वाद होतो. सूनबाई तें सायकलीला देण्यास तयार नाहीं.

मोटार दारांत आहेच. सौभाग्यवतींच्या गुडघ्यांसाठीं, लग्नकार्यासाठीं, रात्रीं-अपरात्रीं दवाखान्यासाठीं ती हवीच. मात्र कमी वापरलेल्या मोटारीचीही कांहीं निगा लागते. एकदां ती दोनअडीच आठवडे उभी राहिली, तेव्हां बॅटरी उतरलीच, पण उंदरांनीं आंत बिऱ्हाड करून वायरीही कुरतडल्या. तेव्हांपासून आठवड्यांतून एकदां तरी तिला अर्धा तास चांगली लांबवर फिरवून आणतों. वहींत आतां बहुतेक लांबच्याच फेऱ्या दिसतात, आणि तशाच फेऱ्यांत मोटारीची प्रकृतिही बरी राहते.

वहींतला नवा प्रश्न तेरा वर्षांच्या नातीचा आहे. तिची शाळा दोन किलोमीटरांवर. तिला सायकलीनें जावयाचें आहे आणि मधें कर्वे रस्ता आडवा येतो. तिच्या आईची संमति अद्यापि पुरती मिळालेली नाहीं. तूर्त रोज सकाळीं पावणेसातांना मी माझी सायकल काढून तिच्याबरोबर चौकापर्यंत जातों. चौकांत दोघेंही खालीं उतरतों, सायकली हातानें ढकलीत रस्ता ओलांडतों, आणि तेथून पुढें ती एकटी जाते.